ब्रमाजेम, लांबी आणि आमची शिरोली

मंडळी, आज जरा लांबडं लिहितोय. चहा घेऊन बसा. राजकारण नाही, कुणा पक्षावर टीका नाही. पण आपल्या पोटापाण्याचा विषय आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा एवढीच विनंती.

मागच्या आठवड्यात शिरोली एमआयडीसीत लहान कारखानदारांसाठी एक कार्यक्रम होता. मी काही कारखानदार नव्हे. ३१ वर्षं फौंड्रीत काढली, पहिली पाच फेटलिंगला आणि पुढची २६ इन्स्पेक्शनला. आता रिटायर आहे, पण ओळखीची पोरं बोलावतात आणि मीही जातो. घरात बसून करायचं काय?

विषय होता ब्रँडिंग. बाहेरगावचे वक्ते होते. माणूस बोलायला हुशार. ड्रोनने शूटिंग करा, रील टाका, शेडला रंग द्या, गेटवर चकचकीत बोर्ड लावा. ‘जो दिखता है वो बिकता है’ हे वाक्य तासाभरात सात-आठ वेळा झालं. शेवटी त्यांनी एक गोष्ट सांगितली. म्हणे, इंग्रजीत ‘सिन्सिअर’ हा शब्द आहे ना, तो लॅटिनमधल्या ‘मेणाशिवाय’ या अर्थाच्या दोन शब्दांतून आला. जुन्या काळी रोममध्ये लबाड मूर्तिकार संगमरवराच्या भेगा मेणानं बुजवायचे. प्रामाणिक मूर्तिकार सांगायचा, माझ्या मूर्तीत मेण नाही. म्हणून प्रामाणिक म्हणजे सिन्सिअर. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

घरी आल्यावर लेकीला विचारलं. ती इंग्रजी शिकवते. ती हसली आणि म्हणाली, “बाबा, ती गोष्ट फॉरवर्डवाली आहे. शब्दांचा अभ्यास करणारे ती मानत नाहीत. लॅटिनमध्ये ‘सिन्सेरस’ म्हणजे स्वच्छ, शुद्ध, भेसळ नसलेला. त्यातनं शब्द आला. मेणाचं प्रकरण मागाहून चिकटवलंय.”

आता गंमत बघा. प्रामाणिकपणाची गोष्ट, आणि तीच मेण लावलेली! दिसायला इतकी गुळगुळीत की कुणाला नखानं खरवडून बघावंसंही वाटलं नाही.

त्यावरनं मला एक दुसरा शब्द आठवला. तो मला कुठल्या वक्त्यानं नाही, एका गिऱ्हाइकानं सांगितला होता.

२००९ ची गोष्ट असेल. आमच्या फौंड्रीत परदेशी ऑडिटर आला होता. साठीचा इंग्रज, बर्मिंगहॅमच्या बाजूचा, स्वतः आयुष्यभर ओतकामात राहिलेला. तो येणार म्हणून आम्ही तीन दिवस नुसती रंगरंगोटी केली होती. झाडाच्या बुंध्यांना चुना-काव, फरशीवर पिवळे पट्टे, नवीन हेल्मेट, गेटवर स्वागताचा फ्लेक्स. तो गाडीतून उतरला, हार घातला, हसला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “तुमचा रिजेक्ट झालेला माल कुठं ठेवता? आधी तो बघू.”

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघितलं. कारण रिजेक्शनचा ढीग आम्ही आदल्या रात्री मागच्या शेडमध्ये हलवून वर ताडपत्री टाकली होती.

त्यानं ताडपत्री काढायला लावली. एकेक नग उचलून बघितला, कुठं ब्लो होल, कुठं वाळू पडलेली, कुठं दोन बॉक्स सरकलेले. तासभर तिथंच उभा होता. नंतर चहा पिताना फ्लेक्सकडं बोट दाखवून म्हणाला, “आमच्याकडं याला एक शब्द आहे, ब्रमाजेम. आणि लाज वाटायची गोष्ट म्हणजे ते माझ्याच गावाचं नाव आहे.”

मला तेव्हा नीट कळलं नाही. नंतर मी हळूहळू वाचत गेलो, लेकीनंही पुस्तकं दिली. जे कळलं ते सांगतो, कारण ते बर्मिंगहॅमपेक्षा जास्त आपल्याबद्दल आहे असं मला वाटतं.

बर्मिंगहॅमचं नाव पूर्वी लोक नाना तऱ्हेनं उच्चारायचे आणि तसंच लिहायचे. त्यातला एक रांगडा, गावठी उच्चार म्हणजे ब्रमाजेम. आपण कोल्हापूरला ‘कोलापूर’ म्हणतो तसाच. बर्मिंगहॅम म्हणजे लोहारांचं, धातूवाल्यांचं गाव. खिळे, चाकू, कुलपं, बकलं, बटणं, सगळं तिथं व्हायचं. सतराव्या शतकात तिथं आणखी एक माल तयार व्हायला लागला, तो म्हणजे खोटी नाणी. ग्रोट नावाचं चार पेनीचं चांदीचं नाणं होतं. त्याच्या नकला पाडण्यात या गावचे कारागीर बदनाम झाले. हात कसबी होता, पण कसब भलतीकडं लागलं.

तिथनं नाव घसरलं. १६८० च्या आसपास इंग्लंडच्या राजकारणात दोन तट पडले होते, तेव्हा एका तटाचे लोक दुसऱ्याला ‘बर्मिंगहॅमवाले’ म्हणून हिणवायचे. म्हणजे खोट्या नाण्यासारखे खोटे. कवी ड्रायडननं १६८१ च्या आपल्या एका प्रसिद्ध काव्याच्या प्रस्तावनेतही हा टोमणा वापरलाय. पुढं अठराव्या शतकात स्वस्त दागिने, मुलामा दिलेली बटणं, चकचकीत बकलं असा माल बर्मिंगहॅममधून ढिगानं निघायला लागला. मग ‘ब्रमाजेम’ म्हणजे वरून झगझगीत, आतून हलकं, हा अर्थ पक्का झाला. शब्दकोशात गेला. एका अख्ख्या गावाचं नाव, आणि त्याचा अर्थ दिखाऊ माल!

आपल्याकडं भपका, डामडौल, बडेजाव असे शब्द आहेत. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ आहे, ‘बडा घर पोकळ वासा’ आहे. पण यातल्या एकाही शब्दात कुठल्या गावाचं नाव नाही. बिचाऱ्या सोनुबाईचं तेवढं आहे.

इंग्रजीत मात्र असे आणखीही शब्द आहेत. ‘टॉड्री’ म्हणजे भडक, हलका, बाजारू. हा शब्द चक्क एका संत बाईच्या नावावरून आलाय. सेंट ऑड्री. सातव्या शतकातली. इली या गावी तिच्या नावानं जत्रा भरायची आणि तिथं गळ्यात बांधायची रेशमी लेस विकायची, ‘सेंट ऑड्रीची लेस’. आधी चांगली वस्तू होती. मग जत्रेतल्या मालासारखी स्वस्त आणि भडक झाली. सेंट ऑड्री बोलता बोलता ‘टॉड्री’ झालं. संताचं नावसुद्धा सुटलं नाही, मग तुमचं आमचं काय?

आता खरा मुद्दा. बर्मिंगहॅमची ही बदनामी खरी होती की खोटी?

मला वाटतं अर्धी-अर्धी. खोटी नाणी पाडली जात होती हे खरं. पण त्याच गावात उत्तम कारागीरही होते. त्या गावाला जुन्या शहरांसारखी धंदेवाल्यांच्या श्रेणींची बंधनं नव्हती. कुणीही यावं, भट्टी पेटवावी, पोट भरावं. आपल्या उद्यमनगरासारखंच की! शाळा अर्धवट सोडलेला माणूस इंजिन खोलून बघतो, तसंच दुसरं बनवतो, आणि दहा वर्षांत त्याची स्वतःची शेड उभी राहते. कोल्हापूरची ऑइल इंजिनं अशीच झाली, फौंड्र्या अशाच वाढल्या. अशा गावाकडं मोठ्या शहरातले जुने व्यापारी जरा नाक मुरडूनच बघतात. त्यामुळं चांगला मालही ‘त्या गावचा’ म्हणून स्वस्तात मागितला जातो. बदनामीची हीच गंमत असते. गुन्हा चौघांचा, आणि रेट सगळ्यांचा पडतो.

मग बर्मिंगहॅमनं काय केलं? फ्लेक्स लावले का?

तिथं मॅथ्यू बोल्टन नावाचा माणूस होता. बकलं-बटणं करणाऱ्याचाच मुलगा. आपण त्याला जेम्स वॅटचा भागीदार म्हणून ओळखतो, वाफेच्या इंजिनवाला. पण इंजिनाच्या आधी त्याचा चांदीच्या वस्तूंचा कारखाना होता. त्या काळी चांदीच्या वस्तूवर सरकारमान्य तपासणीचा छाप लागायचा, आपल्या हॉलमार्कसारखा. बर्मिंगहॅममध्ये तपासणीची सोयच नव्हती. माल सत्तर मैलांवर चेस्टरला पाठवायला लागायचा. जाता-येता माल खराब व्हायचा, वेळ जायचा. बोल्टननं संसदेपर्यंत धडक मारली. लंडनच्या सोनार मंडळींचा विरोध होता, तरी १७७३ मध्ये बर्मिंगहॅमला स्वतःचं तपासणी कार्यालय मिळालं. त्यांचा छाप नांगराचा. जहाजाचा नांगर! समुद्र कुठं आणि बर्मिंगहॅम कुठं, पण छाप तोच आणि ते कार्यालय आजही चालू आहे.

म्हणजे ‘आम्ही खरे आहोत हो’ असं ओरडत तो बसला नाही. ‘आमचा माल तिसऱ्या माणसाकडून तपासून घ्या’ असं म्हणाला. आणि ती तपासणी दारात आणली.

नाण्यांचंही तेच. त्याच्या काळातसुद्धा बर्मिंगहॅममध्ये खोटी तांब्याची नाणी पाडली जात होती. बोल्टननं १७८८ मध्ये वाफेवर चालणारी टाकसाळ काढली. अशी नाणी पाडायची की नक्कल करणं परवडूच नये, हा विचार. १७९७ मध्ये त्याला इंग्लंडच्या सरकारी नाण्यांचं काम मिळालं. पेनीत तांबं किती? बरोबर एक औंस. दोन पेनीच्या नाण्यात दोन औंस. म्हणजे नाण्यावर जेवढी किंमत लिहिली, तेवढ्या किमतीचं तांबं आत. त्याच्याही आधी, १७९१ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यासाठी तांब्याची नाणी त्याच टाकसाळीत पाडून जहाजानं इकडं आली. ज्या गावाचं नाव खोट्या नाण्यावरून बदनाम, त्याच गावची नाणी आपल्या पणजोबांच्या पणजोबांच्या कनवटीला!

शब्द मात्र शब्दकोशात राहिला तो राहिलाच. नाव घसरायला थोडी वर्षं पुरतात, सावरायला शंभर-दोनशे वर्षंही कमी पडतात.

आता आपल्या गावाकडं या.

‘कोल्हापुरी’ हा शब्द आपली केवढी मोठी कमाई आहे, विचार करा. चप्पल कोल्हापुरी, साज कोल्हापुरी, गूळ कोल्हापुरी, फेटा कोल्हापुरी, मिसळ कोल्हापुरी. देशात किती गावांच्या नावाला अशी किंमत आहे? पण त्याच नावाचं काय चाललंय बघा. बाहेर कुठल्याही हॉटेलात जा, ‘व्हेज कोल्हापुरी’ मिळते. आपल्या कुठल्या आजीनं ती घरात केलेली कुणी बघितली असेल तर सांगा. वर लाल तर्री आणली की झालं कोल्हापुरी. म्हणजे बाहेरच्या लोकांच्या डोक्यात आपलं नाव म्हणजे एक रंग झालाय. हसायला येतं, पण ही पहिली पायरी आहे हो. नावातला माल जातो आणि रंग उरतो.

गुळाचं तर आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. चांगला, रसायन न घातलेला गूळ तांबूस-काळपट दिसतो. पण गिऱ्हाइकाला पिवळाधमक पाहिजे. मग गुऱ्हाळात भेंडीच्या चिकानं रसाची मळी काढायची जुनी रीत मागं पडते आणि पावडर पडते. गूळ सोन्यासारखा दिसतो आणि खाणाऱ्याच्या पोटात काय जातं ते त्याला कळत नाही. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन म्हणजे काय? तर ‘हे नाव आम्ही सांभाळू’ असा शब्द. तो शब्द आपणच रंगवून टाकायचा का?

चपलेला २०१९ मध्ये मानांकन मिळालं. आपल्या बाजूचे चार जिल्हे, कर्नाटकातले चार. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटलीच्या कंपनीनं मिलानच्या शोमध्ये आपल्यासारखी चप्पल नाव न घेता दाखवली, तेव्हा आपण सगळे पेटून उठलो. बरोबरच होतं. कंपनीला शेवटी मान्य करायला लागलं की प्रेरणा भारतातली आहे. पण हायवेच्या कडेला रेक्झिनची चप्पल ‘ओरिजिनल कोल्हापुरी’ म्हणून पर्यटकाच्या गळ्यात मारली जाते, तेव्हा आपला राग कुठं जातो? प्राडानं आपलं नाव घेतलं नाही म्हणून आपण भांडलो. रेक्झिनवाला आपलं नाव घेऊन विकतो, त्याच्याशी कोण भांडणार?

दुसऱ्यांकडं बोट दाखवणं सोपं असतं. म्हणून आता माझं सांगतो. हे मी आजवर घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं.

१९९८ चा पावसाळा. मी इन्स्पेक्शनला येऊन दोनच वर्षं झाली होती. फौंड्रीचं नाव सांगत नाही, ती आता नाहीही. उसाच्या ट्रॉलीच्या चाकाचे हब ओतायची ऑर्डर होती, साठ नग. सीझन तोंडावर, ट्रॉलीवाल्यांची घाई. पावसानं वाळू ओली, साच्यातनं गॅस नीट बाहेर पडेना. नऊ नगांत ब्लो होल आले. वरून करंगळीच्या टोकाएवढं भोक, पण आत किती खोल आहे ते कापल्याशिवाय कळत नाही.

नियमानं ते नऊ नग बाजूला काढायचे आणि परत भट्टीत टाकायचे. लोखंड वाया जात नाही, वितळवून पुन्हा ओतता येतं. जाते ती मजुरी, वीज आणि वेळ. पण वेळच नव्हता. सुपरवायझर म्हणाला, “अरे, लांबी भर की लेका. वरनं काळा रंग मार. कोण बघतंय?”

गॅरेजवाल्यांना लांबी माहीत आहे. गाडीला पोचा पडला की पत्र्यावर भरतात ती. लोखंडाच्या चुऱ्यात मिसळून भोकात दाबली, वाळली, कानशीनं घासली आणि रंग मारला की देव आला तरी ओळखणार नाही. नऊच्या नऊ नग चकचकीत झाले. खरं सांगू? चांगल्या नगांपेक्षा ते नऊ जास्त सुबक दिसत होते. आणि खाली इन्स्पेक्शनची सही माझी.

मोल्डिंगचे एक मामा होते, वयस्कर. त्यांनी बघितलं आणि एवढंच म्हणाले, “भोक पडलेलं परत वितळवता येतंय बाळा. लांबी भरलेलं कुठं परत येतंय?” मी मान खाली घातली. नवं लग्न, हप्ते, नोकरी नवी. सही केली.

पंधरा दिवसांनी मशीन शॉपचा निरोप आला. टूल लागल्यावर पाच नगांतली भोकं उघडी पडली होती. माल परत आला, शिव्या खाल्ल्या, पैसे कापले गेले. पण पाचच परत आले. उरलेल्या चार नगांत भोक अशा जागी होतं जिथं मशीनिंग होतच नाही. ते रंगाखाली तसेच राहिले आणि ट्रॉलीला बसून रस्त्यावर गेले. मी सुपरवायझरला म्हटलं, चार बाकी आहेत. तो म्हणाला, “गप्प बस.” मी गप्प बसलो.

त्या चार हबांचं पुढं काय झालं मला माहीत नाही. कदाचित काहीच झालं नसेल. कदाचित वीस वर्षं ऊस ओढून ते भंगारात गेले असतील. पण दर वर्षी दसरा-दिवाळीनंतर सीझन सुरू होतो, हायवेला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते, आणि मी स्कूटरवरून जाताना चाकाकडं बघतो. मागनं एखादं पोरगं मोटारसायकलवरून येत असतं. अजून बघतो. सवय झालीय म्हणा, शिक्षा म्हणा.

म्हणून मला चकचकीत वस्तूची भीती वाटते. चकाकीची नाही, चकाकीखाली काय आहे त्याची.

कुणी म्हणेल, म्हणजे काय, सगळं मळकट ठेवायचं का? अजिबात नाही. आपल्या घरात पूर्वी कल्हईवाला यायचा, आठवतंय का? पितळेची पातेली तापवायचा, नवसागर टाकायचा, कथील लावून कापसानं फिरवायचा, आणि भांडं आतून चांदीसारखं लखलखायचं. तीही चकाकीच. पण ती कल्हई नसेल तर आंबट आमटी कळकते, अन्नात विष होतं. ती चकाकी खाणाऱ्याच्या जिवासाठी होती. दागिन्यावरचा मुलामा मात्र बघणाऱ्याच्या डोळ्यासाठी. कथील तेच, धातू तेच. सोनुबाईच्या हातात तेच कथील थट्टेचा विषय होतं आणि पातेल्याच्या आत तेच कथील घर सांभाळतं.

कास्टिंगवरचा रंगही तसाच. गंज लागू नये म्हणून मारला तर ती कल्हई. भोक दिसू नये म्हणून मारला तर ते ब्रमाजेम. रंगाचा डबा एकच असतो. प्रश्न एवढाच विचारायचा, हा थर कशासाठी लावलाय? आतलं राखायला की आतलं लपवायला?

आणि हा प्रश्न फक्त फौंड्रीला नाही. पाहुणे येणार म्हटलं की एका रात्रीत खड्ड्यात मुरूम पडतो, वर रोलर फिरतो, दुभाजकाला काळा-पिवळा पट्टा बसतो. पहिल्या पावसात मुरूम वाहून जातो आणि पट्टा तेवढा राहतो. ही लांबी नाही तर काय? गेटवर ‘सुरक्षा प्रथम’ असा बोर्ड आणि आत ग्राइंडरवर पोरगं गॉगलशिवाय. ही पण लांबीच. बोर्डाच्या पैशात पन्नास गॉगल आले असते.

आता लहान कारखानदारांची बाजूही सांगतो, कारण मी त्यांच्यातच वाढलो. ते म्हणतात, “अहो, गिऱ्हाईक दर वर्षी रेट कमी मागतंय. वीज महाग, स्क्रॅप महाग, कामगार मिळत नाही. नग भट्टीत परत टाकायचं म्हटलं तर किलोमागचं मार्जिन संपलं. मग काय करायचं?” खरं आहे. स्वस्त पण पाहिजे आणि बिनभोकाचं पण पाहिजे, असं म्हणणारं गिऱ्हाईकही या पापात वाटेकरी आहे. पिवळाच गूळ मागणारं गिऱ्हाईक आणि सगळ्यात कमी कोटेशनवर सही करणारा परचेस मॅनेजर, दोघे सख्खे भाऊ.

पण तरी, लांबीनं रेट वाढत नाही हो. एकदा पकडलं की पुढच्या दहा वर्षांच्या मालाकडं लोक संशयानं बघतात. आणि तेही फक्त त्या एका फौंड्रीच्या नाही, ‘शिरोलीच्या’ मालाकडं. आज आपल्या इथनं ट्रॅक्टरचे, ट्रकचे, पंपांचे पार्ट देशभर आणि परदेशात जातात. त्यावर कुणा एकाचं नाव नसतं गिऱ्हाइकाच्या तोंडात. ‘कोल्हापूरचं कास्टिंग’ असंच म्हणतात. हे नाव आपल्या हजारो कामगारांनी, भट्टीसमोर अंग भाजून घेत, चाळीस-पन्नास वर्षांत कमावलंय.

म्हणून त्या दिवशीच्या कार्यक्रमात प्रश्नोत्तरं झाली तेव्हा मी उठून चार गोष्टी बोललो. इथंही लिहितो.

पहिली, अंतिम तपासणी रंगाच्या आधी करा. रंग मारल्यानंतर सही करणारा इन्स्पेक्टर म्हणजे मेकअप केल्यावर ताप बघणारा डॉक्टर.

दुसरी, इन्स्पेक्टरला प्रॉडक्शनवाल्याच्या हाताखाली ठेवू नका. ज्याच्यावर नग काढायचा दबाव आहे, त्याच्याच हुकमानं नग अडवणारा माणूस गप्प बसतो. मी बसलो.

तिसरी, एकेकट्या लहान फौंड्रीला महागडी मशिन परवडत नाहीत, मान्य. पण दहा-पंधरा जणांनी मिळून तपासणीचा खर्च वाटून घ्या. चार जणांच्या फ्लेक्सचा आणि ड्रोनचा खर्च आधी तिकडं वळवा. बोल्टननं आधी तपासणी दारात आणली, नाव मागनं आलं.

चौथी, पाहुणा आला की त्याला आधी रिजेक्शनचा ढीग दाखवा. त्या इंग्रजाचं आम्हाला पुढं काय झालं सांगतो. ऑर्डर दिली त्यानं. जाताना म्हणाला होता, “ज्यांच्याकडं ढीग आहे, त्यांच्याकडं कुणीतरी अडवणारा माणूस आहे. ज्यांच्याकडं ढीगच नाही, त्यांची मला भीती वाटते.”

वक्ते हसून म्हणाले, “काका, चांगले विचार आहेत, पण रिजेक्शनच्या ढिगाची रील कोण बघणार?” हॉल हसला. मीही हसलो. पण मागच्या रांगेतला एक तरुण पोरगा हसला नाही. वडिलांची फौंड्री आत्ताच त्याच्या हातात आलीय. तो नंतर पार्किंगमध्ये येऊन म्हणाला, “काका, आमच्याकडं लांबीचे डबे आहेत. महिन्याला किती लागतात ते मला माहितीय. उद्यापासनं बंद केले तर पहिले दोन-तीन महिने लई तोटा येईल. गिऱ्हाईक थांबेल का?”

मी त्याला खोटा धीर दिला नाही. म्हटलं, “माहीत नाही बाळा. एखादं तुटेलही. पण जे थांबेल त्याला आपल्या ढिगापाशी ने.”

तो मान हलवून गेला. त्याचा फोन आला नाही अजून. मी वाट बघतोय.

तुमच्यात कुणी कारखानदार असेल, परचेसला असेल, इन्स्पेक्शनला असेल, तर तुमचा अनुभव सांगा. नावं लिहू नका, गावाची बदनामी करायची नाहीये. फक्त एवढं सांगा, तुमच्याकडं रंग आधी की तपासणी आधी?

सीझन तोंडावर आलाय. हायवेला ट्रॉलीच्या मागनं गाडी चालवताना अंतर ठेवून चालवा, मंडळी.